पितळी ढाली आणि माझी कच्ची चित्रं

परवा मेसमध्ये जेवताना एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं, "तू परदेशातल्या मित्रांना स्वतः काढलेली चित्रं पाठवतोस म्हणे. बिचाऱ्यांना ती भिंतीवर लावावी लागत असतील!" टेबलभर हशा झाला. मीही हसलो. वरिष्ठ हसले की हसायचं असतं, हे खडकवासल्याला तीन वर्षांत अंगी बाणतं. पण उत्तर पोटातच राहिलं, ते इथे देतो.

आधी आपण देतो काय ते बघू. लाकडी पाटीवर पितळी बोधचिन्ह, खाली नाव आणि तारीख. फार तर काचेच्या पेटीत चंदेरी मुलाम्याचा रणगाडा. माझ्याकडे दोन काळ्या ट्रंका अशा मेमेंटोंनी भरल्या आहेत आणि दर बदलीला त्या न उघडताच पुढच्या गावी जातात. निवृत्त वाचकहो, तुमच्या माळ्यावर काय आहे ते मी विचारत नाही. परदेशी पाहुण्यालाही आपण तेच देतो. त्यासाठी देणाऱ्याचे कष्ट किती? क्वार्टरमास्टरला एक फोन.

माझी चित्रं कच्ची असतात, मान्य. माझी झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी दिसतात. पण सेला खिंडीतल्या तळ्याचं चित्र काढायला मी 13,700 फुटांवर दीड तास उभा होतो. रंगाचं पाणी कागदावर पसरताच गोठत होतं आणि आकाशाच्या निळ्यात बर्फाच्या स्फटिकांची नक्षी उमटली. ते चित्र साताऱ्याच्या माझ्या शाळूसोबत्याकडे, टोरांटोला गेलं. त्याला वाटलं, ही माझी काही खास करामत! मार्च 2024 मध्ये बोगदा खुला झाल्यापासून बहुतेक गाड्या तळ्याकडे न चढता खालूनच जातात. तळ्याचे फोटो त्याला हवे तेवढे मिळतील. कागदावर उतरलेली ती थंडी मात्र एकट्या त्याच्याकडे आहे.

चर्चिल यांनी 1943 मध्ये माराकेशला काढलेलं चित्र रूझवेल्टना भेट दिलं. 1915 मध्ये नौदल खात्याचं मंत्रिपद गेल्यावर, चाळिशीत त्यांनी ब्रश हातात धरला होता. पंतप्रधानाला चालतं ते कर्नलला का चालू नये? (त्यांची झाडं माझ्यापेक्षा बरी होती, हेही सांगून टाकतो.)

वरिष्ठांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. स्वतःचं चित्र देणं ही जबरदस्ती होऊ शकते. मित्र घरी येणार म्हटल्यावर घाईघाईने खिळा ठोकणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून मी फ्रेम करत नाही. वहीच्या पानाएवढा कागद, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. फ्रेम भिंत मागते; कागद पुस्तकातही राहतो. "लावलंस का?" हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

टपाल कचेरीत कस्टमच्या फॉर्मवर किमतीचा रकाना असतो. मी शून्य लिहिलं. कारकून म्हणाला, "साब, ज़ीरो नहीं चलेगा." शंभर लिहिले. चंदेरी रणगाड्याची किंमत लिहायला मला क्षणभरही लागला नसता, पावतीच असते.

अकादमीतला माझा भूतानी कोर्समेट आता थिंफूला असतो. त्याला हिमालय काय पाठवणार? त्याला खडकवासल्याहून दिसणारा सिंहगड पाठवला, ज्यावर आम्ही दोघं शिक्षा म्हणून पाठीवर पिट्ठू घेऊन चढलो होतो. आठ वर्षांत त्याचं पत्र नव्हतं की फोन नव्हता. चित्र पोचलं त्या रात्री फोन आला. आभार वगैरे काही नाही. थेट तक्रार: गडावरचं पिठलं-भाकरीचं खोपट कुठे आहे? आणि टॉवर चुकीच्या बाजूला काढलास!

टॉवर खरंच चुकला होता. दुसरा कागद ओला करून ठेवलाय.