तिळापासून पळसापर्यंत

पौषातील मकर संक्रांत, माघातील रथसप्तमी आणि महाशिवरात्र, फाल्गुनातील होळी अशी ही उतरत्या थंडीतील सणांची माळ. या दोन महिन्यांत खानदेशची हवा फार झपाट्याने पालटते. धुळ्याचा पारा काही वर्षी ५ अंशांखाली उतरतो आणि होळी पेटते तोवर जळगावची दुपार पस्तिशीला भिडू लागलेली असते. तरुण देह हा पालट सोसून नेतो, सत्तरी ओलांडलेल्या देहाला तो चांगलाच जाणवतो. त्यातच घरोघर ज्येष्ठांच्या ताटावरून कुरबूर सुरू होते. आजोबांना मधुमेह म्हणून तिळगूळ नको, आजींना रक्तदाब म्हणून उपवास नको, खोकला म्हणून होळीपाशी नको. सण घराचा होतो आणि घरातील सर्वांत वडील माणूस त्यात नुसता पाहुणा उरतो. असे होऊ नये यासाठी हे सण मुळात कशाचे, हे एकदा पाहून घ्यावे.

संक्रांत हा सूर्याचा सण. सूर्य खऱ्या अर्थाने उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरलाच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायण आणि सूर्याचा मकर राशीतील प्रवेश एकाच सुमारास घडत असे. पुढे पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळे दोहोंत अंतर पडत गेले. आपल्या दिनदर्शिकेत संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी संक्रांतीच्याच दिवशी झाला होता; आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. बाकीचे सण चांद्र तिथीवर चालतात, म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी हलतात.

सूर्याच्या जोडीला शेत. या दिवसांत तापीकाठी दादर ज्वारी उभी असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, बोरे यांची रेलचेल असते. भोगीची मिसळीची भाजी ही या शेताचीच वानगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि ही भाजी हे पहाटेपासून मोटेवर नि नांगरावर राबणाऱ्या माणसाचे जेवण होते. चरकसंहितेतील ऋतुचर्याही हेच सांगते. हेमंत-शिशिरात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून स्निग्ध व जड आहार घ्यावा. वसंत लागला की हिवाळ्यात साठलेला कफ सूर्याच्या उष्णतेने पातळ होतो, तेव्हा जड, गोड व स्निग्ध पदार्थ आणि दिवसाची झोप टाळावी. थंडी ओसरताना आहार हलका व्हायला हवा, हे आपल्या परंपरेतच नोंदलेले आहे.

तिळाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. तो स्नेह आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, या दोहोंनी समृद्ध आहे. न सोललेल्या तिळात चुना पुष्कळच अधिक. मात्र अख्खा तीळ नीट चावला गेला नाही तर तसाच बाहेर पडतो, त्यामुळे कवळी असलेल्यांसाठी तो भाजून कुटावा. गुळाविषयीचा गैरसमज तर फारच चिवट आहे. साखर वर्ज्य पण गूळ चालतो, असे मानणारे मधुमेही घरोघरी आढळतात. गूळ हीही बव्हंशी साखरच. रक्तातील साखर तो जवळपास तितकीच वाढवतो. मधुमेही ज्येष्ठांना तिळाची चटणी भाकरीबरोबर रोज द्यावी आणि संक्रांतीला जेवणानंतर सुपारीएवढी एक मऊ वडी सर्वांच्या देखत हातावर ठेवावी. मुळीच नाही म्हटले की डब्यातील चार वड्या दुपारी गुपचूप संपतात, हे शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नकोच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भोगीच्या भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडाव्यात, ते पाणी टाकून द्यावे आणि मगच फोडणी घालावी; त्याने भाज्यांतील पोटॅशियम बरेच कमी होते. जळगावच्या केळ्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, पण अशा रुग्णांनी केळेही वैद्यकीय सल्ल्यानेच खावे.

माघ शुद्ध सप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात. सूर्याच्या रथाची ही पूजा ज्येष्ठांच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती त्यांना घराबाहेर आणते. उगवतीच्या कोवळ्या उन्हाने ऊब मिळते, प्रसन्नता येते. ड जीवनसत्त्व मात्र फारसे मिळत नाही. त्यासाठी लागणारे किरण दहानंतरच्या उन्हात असतात, आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. वाढत्या वयात त्वचेची हे जीवनसत्त्व बनवण्याची शक्तीही घटते. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून ओट्यावर किंवा गच्चीत पंधरा-वीस मिनिटे बसावे, डोक्यावर उपरणे किंवा पदर असावा. त्या दिवशी उत्साहाने एकदम सूर्यनमस्कार घालण्याचा मोह मात्र आवरावा, विशेषतः भोवळ, काचबिंदू किंवा हृदयविकार असल्यास.

महाशिवरात्रीला मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव येथे आणि मुक्ताईच्या स्थानी मोठी यात्रा भरते. दिंड्या येतात, वारकरी पायी चालतात, पहाटे संगमावर स्नाने होतात. थंड हवेने रक्तवाहिन्या आकसून पहाटे रक्तदाब वाढतो. हृदयरोग्यांनी उजाडल्यावर स्नान करावे. पाण्याचे दोन थेंब मस्तकी लावले तरी श्रद्धेत उणे काही येत नाही.

खरी काळजी उपवासाची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या आणि पोटात काही गेले नाही, तर रक्तातील साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, अकारण चिडचिड, बोलण्यात विसंगती ही तिची चिन्हे. वृद्धांत कधी नुसती गुंगी येते आणि घरच्यांना वाटते, जागरणाने डोळा लागला. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. औषधांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी उपवासाच्या आठवडाभर आधीच बोलावे. साबुदाणा म्हणजे केवळ पिष्ट, तो साखर झपाट्याने चढवतो. त्यापेक्षा भगर, ताक आणि थोडे दाणे बरे. भगरीचे पीठ मात्र दळून फार दिवस ठेवू नये, त्याला बुरशी धरते आणि विषबाधा होते. सैंधव हेही मीठच, रक्तदाबाच्या रुग्णाला त्याची मोकळीक नाही.

फाल्गुन लागता सातपुड्यात पळस फुलतो आणि चोपडा, यावल, शिरपूरकडील आदिवासी पट्ट्यात होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार ढोलांनी घुमतात. होळी फार जुनी. ‘होलाका’ या नावाने तिचा उल्लेख मीमांसाशास्त्रातही येतो. मुलांना छळणाऱ्या ढुंढा राक्षशीला आगीने व आरोळ्यांनी पळवल्याची कथा पुराणांत आहे. ऋतू पालटताना मुले आजारी पडत, त्या भीतीचे रूप या कथेत दिसते. होळीच्या धुराने जंतू मरतात असे छातीठोक सांगणाऱ्यांवर मात्र विसंबू नये. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांच्या छातीला हा धूर अपायच करतो. त्यांनी वाऱ्याच्या उलट दिशेला, दूर खुर्चीवर बसावे, श्वासाचा पंप खिशात असावा, आणि नारळ त्यांच्या हातचा घेऊन नातवाने होळीत अर्पावा. खापरावरची पुरणपोळी पूर्ण न वाढता चतकोर वाढावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी रंगाच्या दिवशी चष्मा काढू नये, आणि अंगणातली ओली फरशी कोरडी झाल्याखेरीज त्यांना बाहेर नेऊ नये.