फुंकणी

दिवाळीच्या पहाटे आम्ही उठायच्या आधीच आई न्हाणीघरातला बंब पेटवून चुलीपाशी बसलेली असे. उटण्याचा वास आम्हाला अजून आठवतो. तिच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे मात्र आमचं कधी लक्ष गेलं नाही. साठी गाठायच्या आधीच तिला दम लागू लागला. डॉक्टरांनी विचारलं, घरात विडी कोण ओढतं? कुणीच नाही. मग त्यांनी तिच्या हातात एक नळी दिली, म्हणाले, "मावशी, जोरात फुंका." चाळीस वर्षं फुंकणीनं आर फुलवलेली आई दुसऱ्याच फुंकरीला खोकत खाली बसली.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग धुरावर आहे, तो या नळीमुळे.

तिच्या दुखण्याचं नाव सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्यांनाही ते होतं आणि जगभरात त्याचं सर्वांत मोठं कारण चुलीचा धूर असू शकेल, असं पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. धुरातले बारीक कण फुप्फुसात खोलवर उतरतात. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा मोतीबिंदू, कमी वजनाची बाळं, यांतही या धुराचा हात आहे. घरातल्या धुरानं जगात वर्षाला सुमारे ३० लाख माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आपल्याकडे बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या धुराड्यांना प्रदूषण मंडळाचे नियम लागू आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण शिफ्ट संपवून घरी आलेली बाई वेड्या बाभळीच्या फाट्यावर कालवण ठेवते, तो धूर कुणाच्याच वहीत चढत नाही. जुन्या माळवदाला निदान सानं असायचं. पत्र्याच्या खोलीत धूर जाणार कुठे? उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघर गॅसची टाकी पोचली, हे मोठंच काम झालं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं ५८.६ टक्केच निघाली. आणि टाकी असली तरी पुढची भरायला हातात पैसे लागतात. ते नसले की सरपण आहेच.

सोलापूर रस्त्यानं इंदापूरकडे निघालं की 'चुलीवरची भाकरी'च्या पाट्या दिसतात. ती चव मलाही आवडते. पण ती भाकरी थापणारी बाई दिवसभर त्या जाळापुढे बसते, हे ताटावर बसल्यावर आता विसरता येत नाही.

सगळ्यात जास्त घोर लागतो तो ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचा. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीडकडची कोयत्याची जोडपी माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या शिवारात उतरत असतील. तीन दगडांची चूल, ओलं-सुकं जळण, पेटवणीला पाचट आणि शेजारीच झोळीत झोपलेलं लेकरू. पहाटे अंधारात भाकरी करून बाई फडात जाते आणि रात्री पुन्हा त्याच धुरात बसते.

यावर उपाय आहे. २०२१ च्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याचा पुरावा लागत नाही, स्वतःचं घोषणापत्र चालतं. पाच किलोची छोटी टाकीही मिळते. मुकादम उचल देताना नावं लिहून घेतोच; त्याच यादीवरून साखर कारखान्यांनी जोडण्या करून द्याव्यात. पुढच्या हंगामात बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका निघेल, त्याच आठवड्यात कोप्यांच्या तळावर शेगड्या पोचाव्यात, आणि रिकाम्या टाक्या बदलून देणारी गाडी हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत दर आठवड्याला तिथं यावी.