प्रदर्शनापर्यंत तिला कोण नेणार?

अपंग कलावंतांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं की वर्तमानपत्रात एक ठरावीक फोटो येतो. चित्र कुठेतरी कोपऱ्यात आणि मधोमध तोंडात किंवा पायाच्या बोटांत ब्रश धरलेला चित्रकार. खाली 'जिद्दीची कहाणी'. चित्रात काय आहे, ते चांगलं आहे की सुमार, याबद्दल अवाक्षर नसतं. कामाआधी बाईचं शरीर बघितलं जातं, हे आपण वर्षानुवर्षं बोलत आलो आहोत. अपंग बाईच्या वाट्याला ते दुपटीने येतं.

डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या न्नेना कालू यांना टर्नर पारितोषिक मिळालं. दृश्यकलेतला ब्रिटनमधला हा अतिशय मानाचा सन्मान बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलावंताला पहिल्यांदाच मिळाला. न्नेना ऑटिस्टिक आहेत, फार कमी बोलतात. कापड, दोर, चिकटपट्ट्या, जुन्या व्हिडिओ टेप गुंडाळत त्या मोठमोठी शिल्पं घडवतात. बातमी पारितोषिकाची झाली. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची साधी गोष्ट. 'अ‍ॅक्शनस्पेस' ही संस्था १९९९ पासून त्यांना कामाला जागा आणि सोबतीला जाणती माणसं देत आली आहे. म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षं!

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या वस्त्यांमध्ये काम करताना चित्र काढणाऱ्या ज्या अपंग मुली भेटतात, त्यांच्याकडे पंचवीस वर्षं सोडाच, दुपारचे दोन तासही स्वतःचे नसतात. मुलगा अपंग असला तर त्याला पुढे पोट भरायचंय म्हणून काहीतरी शिकवलं जातं. मुलगी घरातच बरी. आणि घरात आहेच, तर भाजी निवडेल, भावाची पोरं सांभाळेल. कल्याणच्या एका चाळीतल्या मुलीला ऐकू येत नाही. ती नळावरच्या बायका काढते, सगळ्या पाठमोऱ्या, आणि नुसत्या पाठीवरून कोण किती दमलंय ते कळतं. तिचे रंग पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात असतात. पाहुण्यांना पसारा दिसायला नको. घरचे कौतुकाने म्हणतात, "हौस आहे तिला." भावाला हीच हौस असती तर त्याला क्लास लावला असता.

परदेशातलं प्रदर्शन दूरच, मुंबईचं जहांगीर कलादालन तरी तिने पाहावं म्हटलं तर प्रश्न लोकलचा. अपंगांसाठी वेगळा डबा आहे, पण तो बायका-पुरुष सगळ्यांचा, आणि गर्दीच्या वेळी धडधाकट पुरुषही बिनदिक्कत त्यात चढतात. आई म्हणते, एकटी जाऊ नकोस. सोबत जायला आईला वेळ नाही, भावाला रजा नाही. चित्रकलेची वाट इथे, फलाटावरच संपते.

कायदा मात्र आपल्या बाजूला आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं २९ वं कलम सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. अपंग कलावंत-लेखकांना सोयी, पाठबळ आणि प्रायोजकत्व मिळावं, कलेचे अभ्यासक्रम त्यांना सामील होता येईल असे बदलावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. २०११ च्या जनगणनेत देशात १ कोटी १८ लाखांवर अपंग स्त्रिया मोजल्या गेल्या. सरकारी कागदांवर 'दिव्यांग' हा शब्द आला. त्याने जिन्याच्या पायऱ्या कमी झाल्या नाहीत.

पैशाचंही बोलायला हवं. तोंडाने व पायाने चित्रं काढणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५६ साली एरिश स्टेगमान या पोलिओ झालेल्या जर्मन चित्रकाराने उभी केली. दान नको, कामाचा मोबदला द्या, ही तिची भूमिका. चित्रांची कार्डं, कॅलेंडरं विकून कलावंतांना पैसे मिळतात. बालपणीच्या रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या लखनौच्या शीला शर्मा या मार्गाने चित्रकार म्हणून उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या मुलीचं चित्र विकलं गेलं तर पैसे बहुधा वडिलांच्या खात्यात जातात, "तिला सही कुठे करता येते" म्हणून. खरं तर आजारी किंवा असमर्थ खातेदाराला हाताचा अंगठा उठवता येत नसेल, तर साक्षीदारांसमोर पायाच्या अंगठ्याचा ठसाही बँकेत चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत तशा. हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

काही मैत्रिणी म्हणतात, मारहाणीच्या आणि रेशनच्या प्रश्नांपुढे चित्रं कसली घेऊन बसलीस! पण मारहाण होणाऱ्या अपंग मुलीला घराबाहेर पडायला निमित्त तरी कोणतं आहे? चित्राच्या वर्गाला येणारी मुलगी निदान चार बायकांच्या नजरेस पडते. तिच्या दंडावरचा वळ कोणीतरी बघतं.

गोव्यात २०२३ पासून अपंगांचा 'पर्पल फेस्ट' भरतो; २०२४ पासून तो आंतरराष्ट्रीय झाला. तिथे जायला ठाण्याहून कोकण रेल्वेची गाडी मिळते आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला, तिच्या सोबतिणीलाही, तिकिटात ७५ टक्के सवलत असते. मोठी झेप नको, एवढं तर जमेल. त्याआधी प्रत्येक गटाने महिन्यातले दोन शनिवार आपल्या कार्यालयाची खोली या मुलींना द्यावी आणि आणण्या-पोचवण्याची पाळी आपापसांत लावून घ्यावी. ज्यांचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यांनी तळमजल्यावरची एखादी बालवाडी शनिवारी दुपारी मिळते का ते विचारावं. डबा ठेवायला कपाटातला एक कप्पा पुरेल, पण किल्ली तिच्याकडे राहू द्या.