मुलांच्या विंटर कॅम्पआधी एक रात्र तुम्ही एकट्याने बाहेर झोपून बघा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

दर जानेवारीत आपल्यात हाच प्रश्न फिरतो: "स्काउटचा विंटर कॅम्प आहे, तंबूत झोपायचंय, पाठवू का?" मग उत्तरांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, काय गरज आहे, आजारी पडेल. दुसरा म्हणतो, ही स्लीपिंग बॅग घ्या, ते बूट घ्या आणि बिनधास्त पाठवा. मला दोन्ही पटत नाहीत. नाही म्हणायच्या आधी आणि हो म्हणायच्याही आधी, घरातल्या एका मोठ्या माणसाने तेच सामान घेऊन एक रात्र थंडीत एकट्याने काढावी. मग काय ते ठरवा.

"वेड लागलंय का?" हे नवऱ्याने विचारून झालंय आणि सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर दोनदा. त्यामुळे तो प्रश्न सोडून पुढे वाचा.

मी मूळची नाशिकची. निफाडचा पारा ५ वर आला की आमच्याकडे पेपरात बातमी. कॉलेजात डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपलेली मी, त्यामुळे थंडी म्हणजे काय ते आपल्याला माहितीये असा माझा ठाम समज. आता मिनेसोटात आहे. गेल्या वर्षी माझ्या अकरा वर्षांच्या लेकीच्या ट्रूपचा फेब्रुवारीत तंबूतला मुक्काम होता. मीही सोबत जाणार होते. सामान घेऊन झालं होतं, फॉर्म टेबलावर पडला होता. जानेवारीतल्या एका शनिवारी मी अ‍ॅफ्टन स्टेट पार्कमध्ये साइट बुक केली आणि एकटीच गेले. सेंट क्रॉय नदीच्या काठचं हे पार्क आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. पार्किंगपासून तंबूची जागा वीसेक मिनिटं चालत.

रात्री अडीच वाजता मी गाडीत बसून, हीटर लावून रडत होते.

खरं सांगते, तापमान काही भयंकर नव्हतं. १० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे उणे १२ सेल्सिअस. इथल्या लोकांसाठी काहीच नाही. आणि बॅगेवर तर मोठ्या अक्षरात "० डिग्री" लिहिलेलं. (नवीन आलेल्यांसाठी: अमेरिकेतल्या लेबलवरचं हे शून्य फॅरनहाइटचं असतं, म्हणजे उणे १८ सेल्सिअस. पाणी गोठतं ते आपलं शून्य नव्हे.) मग मी गारठले कशी?

एक तर, तो मोठा आकडा बहुतेक वेळा "लिमिट"चा असतो. बॅगा मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात दोन आकडे महत्त्वाचे. "कम्फर्ट" म्हणजे सर्वसाधारण बाई आरामात, सैल झोपू शकेल ते तापमान. "लिमिट" म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून कसाबसा निभावेल ते. दोन्हींत साधारण ५-६ सेल्सिअसचा फरक. म्हणजे माझा कम्फर्टचा आकडा त्या रात्रीच्या हवेशी जेमतेम टेकत होता. शिवाय हे मोजमाप मोठ्या माणसांचं. लहान मुलांना ते लागू नाही, आणि मुलांचं अंग आपल्यापेक्षा लवकर थंड होतं.

पण खरा गुन्हेगार बॅग नव्हतीच, खालची गादी होती. पाहुण्यांसाठी आपण घरोघरी ठेवतो ती हवेची गादी मी ऐटीत नेली होती. तिच्या आतली हवा खेळती असते, ती अंगातली ऊब खेचून जमिनीला देत राहते. आणि बॅगेचा खालचा भाग आपल्या वजनाने दबतो, त्यात ऊब धरायला हवाच उरत नाही. म्हणजे वरून मी रजईत आणि खालून थेट बर्फावर. गादीची ऊब अडवण्याची ताकद "आर व्हॅल्यू"ने मोजतात, गोठणाऱ्या थंडीत ती पाचच्या आसपास तरी हवी. साध्या फोमच्या मॅटची साधारण दोन असते, पण एकावर एक ठेवल्या तर आकड्यांची बेरीज होते. हे मला आधी वाचूनही कळलं असतं. वाचलं होतंही बहुतेक. पाठ गारठेपर्यंत डोक्यात शिरलं नाही.

पुढच्या शनिवारी घरामागच्या अंगणात तीच बॅग, तेच कपडे, जवळपास तेवढीच थंडी. बदललं फक्त एकच: खाली फोमची मॅट आणि तिच्यावर इन्सुलेशनवाली गादी. सकाळी सहापर्यंत झोपले. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने जमलं ते कळत नाही.

बाकी फजिती थोडक्यात. ब्युटेनचा डबा असलेला स्टोव्ह पेटलाच नाही, कारण शून्य सेल्सिअसच्या खाली ब्युटेनचा वायूच होत नाही. गोठलेल्या जमिनीत तंबूच्या खुंट्या जाईनात. जाड हातमोजे घालून बॅगेची चेन उघडेना. बाटलीचं तोंड बर्फाने बंद झालं (बाटली उलटी ठेवायची, पाणी वरून गोठतं). संक्रांतीचे तिळाचे लाडू नेले होते, झोपण्याआधी गूळ-तीळ पोटात असले की अंगाला जाळायला काहीतरी मिळतं. पण उणे १२ मध्ये लाडू म्हणजे दगड. आतल्या खिशात ठेवा!

आता, एकट्यानेच का? चार जणांत गेलं की कोणीतरी आपला स्टोव्ह देतो, कोणीतरी जादा मॅट सरकवतो, आणि आपल्या सामानातली चूक आपल्याला दिसतच नाही. ती तशीच मुलाच्या पाठीवर जाते. स्काउट कॅम्पमध्ये मुलं मोठ्यांपासून वेगळ्या तंबूत झोपतात, हे लक्षात घ्या. मी घरी आल्यावर लेकीला विचारलं, "कॅम्पमध्ये रात्री खूप थंडी वाजली तर काय करशील?" ती सहज म्हणाली, "सकाळपर्यंत थांबेन. उगाच कोणाला उठवायचं?"

मंडळी, मी अडीच वाजता उठून गाडीकडे चालत गेले, कारण मला ते सुचलं आणि किल्ली माझ्या खिशात होती. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. आपणच शिकवतो ना यांना, कोणाला त्रास द्यायचा नाही म्हणून?

"एकटं जाणं धोक्याचं आहे" हे मान्य. म्हणून जंगलात जाऊच नका. गाडी किंवा घर चालत जाण्याच्या अंतरावर हवं. घरच्यांशी फोनच्या वेळा ठरवा आणि फोन अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. तंबूत शेगडी, हीटर, कोळसा काहीही पेटवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. अंग हुडहुडायला लागलं आणि थांबेचना की परत फिरायचं, हे घरून निघतानाच ठरवून ठेवा, कारण अंग फार गार पडलं की डोकं नीट चालत नाही. तब्येतीची तक्रार असेल तर अंगण किंवा बाल्कनी पुरे. यूकेवाल्यांनो, तुमची परीक्षा वेगळी: २-३ डिग्री आणि पाऊस. ओली थंडी कोरड्या थंडीपेक्षा वाईट.

कॅम्पच्या आठवडाभर आधी लेकीला अंगणात एकटीला झोपवलं. अट एकच, थंडी वाजली की मला उठवायचंच. पहाटे चार वाजता स्वयंपाकघराच्या दारावर टकटक. "आई, पाय गार पडलेत." मोजे दमट झाले होते. कोरडे घातले, कोमट दूध प्यायली आणि परत गेली बाहेर. मी फॉर्मवर सही केली ती त्या सकाळी.

माझ्याकडे फोमच्या दोन मॅट जादा आहेत. ट्विन सिटीजमध्ये कोणाला एका रात्रीपुरत्या हव्या असतील तर मेसेज करा, मोठी गादी पण देईन.