वाईटाला चेहरा देताना

हलके धान कापणीला आले आहे, भारी धान अजून निसवते आहे, बांध्यांमधले पाणी ओसरत चालले आहे आणि घोडाझरी तलावाच्या काठची झाडी पावसाने धुऊन निघून लखलखते आहे, अशा दिवसांत दसरा येतो. आपल्या नागभीडच्या परिसरात विळे-कुऱ्हाडी धुऊन पूजल्या जातात, मुले आपट्याची पाने देऊन थोरांच्या पाया पडतात आणि दिवेलागणीला मैदानातल्या रावणाभोवती गर्दी जमते. १९५६ साली याच विजयादशमीला, १४ ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपुरात आले. म्हणून आपल्या कितीतरी घरांत हे दिवस पांढऱ्या वस्त्रांचे आणि दीक्षाभूमीच्या वाटेचे असतात. आणि तिकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या परसवाडीत गोंड बांधव याच दिवशी रावणाला आपला राजा, आपला पूर्वज मानून पूजतात. ज्याला एका गावी आग लावायची, त्याच्यापुढे दुसऱ्या गावी हात जोडायचे, इतके हे दोन सण एकमेकांच्या जवळ आणि इतके दूर.

रावणाचा पुतळा घडताना जवळून पाहावा. आपल्याच रानातल्या बांबूच्या कामट्या वाकवून सांगाडा उभा राहतो, त्यावर कागद चढतो, पोटात फटाके भरले जातात, आणि सर्वांत शेवटी चेहरा रंगवला जातो. कथेतला रावण विश्रवा ऋषींचा पुत्र, पुलस्त्यांचा नातू, वेदांचा जाणकार. पण कुंचला हे काही आठवत नाही. तो सवयीने काळा रंग उचलतो, नाक फेंदारतो, ओठ जाड करतो, केस कुरळे आणि विस्कटलेले काढतो. कॅलेंडरांवरचे राक्षस असेच, शाळेच्या नाटकातले असेच. आपला विठोबा सावळा, राम मेघश्याम, कृष्ण तर नावानेच काळा. तरीही वाईटाला चेहरा द्यायची वेळ आली की आपला हात रानात राहणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे वळतो. रावण गोंड होता की नव्हता, हा वाद इतिहासकारांनी घालावा. पण दरवर्षी दसऱ्याच्या आधी आदिवासी संघटना रावणदहन थांबवा म्हणून निवेदने घेऊन सरकारी कचेऱ्यांत जातात, तेव्हा त्या कागदामागे शेजाऱ्याचे दुखावलेले मन आहे, आणि ते वाचण्यासाठी इतिहासाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

ही सवय आपल्या एकट्याची नाही. मध्ययुगीन युरोपातल्या चित्रकारांनीही सैतानाला कितीदा तरी काळे रंगवले, आणि पुढे आफ्रिकेतून माणसे साखळदंडांत बांधून नेणाऱ्यांना त्या रंगाची आयती सोबत मिळाली. बायबलमध्ये नोहाच्या शापाची गोष्ट आहे. तो शाप पडतो हामच्या मुलावर, कनानवर, आणि तिथे कोणाच्या कातडीच्या रंगाचा शब्दही नाही. तरीही अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या धर्मोपदेशकांनी काळ्या माणसाचे दास्य ईश्वरानेच नेमले आहे असे सांगताना हीच गोष्ट पुढे केली. धर्मग्रंथ जे बोलत नाही ते त्याच्या तोंडी घालायचे आणि मग त्याच्या नावाने माणूस विकायचा, यापेक्षा मोठा धर्मद्रोह कोणता असेल?

आपल्या महाराष्ट्राने हे धागे फार पूर्वी जोडून पाहिले होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती निग्रो गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, आणि त्याच पुस्तकात पुराणातले दैत्य-राक्षस म्हणजे या भूमीचे मूळ कसणारे लोक, जिंकणाऱ्यांनी बदनाम केलेले, अशी मांडणी केली. तिचा प्रत्येक तपशील आज आपण मान्य करू असे नाही. पण पराभूताला राक्षस ठरवले की त्याची जमीन घेणे पुण्यकर्म होते, हे त्यांचे निरीक्षण जंगल आणि जमीन यांवरून इतके काही सोसलेल्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

कुराणातली इब्लिसची कथा या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. मातीपासून घडवलेल्या आदमपुढे नमण्याची आज्ञा होते आणि इब्लिस ती नाकारतो. कारण काय, तर आपण अग्नीपासून झालो, हा मातीपासून, म्हणून आपण श्रेष्ठ. सैतानाचे पहिले पाप, त्या कथेप्रमाणे, जन्माच्या श्रेष्ठत्वाचा अभिमान हे आहे. रंग, वंश, जात पाहून दुसऱ्याला सैतान म्हणणारा माणूस नेमका कोणाचा युक्तिवाद उच्चारत असतो, हे यातून उघड होते.

छळलेल्यांनाही या मोहातून सुटका नसते. अमेरिकेत ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने गोरे लोक हेच सैतान अशी शिकवण दिली, आणि माल्कम एक्स यांच्यासारख्या तेजस्वी वक्त्याने ती वर्षानुवर्षे सांगितली, पण १९६४ च्या हज यात्रेत सर्व रंगांची माणसे एका पंगतीत जेवताना पाहिल्यावर त्यांनी ती सोडली. आपल्याकडेही एकाचा देव तो दुसऱ्याचा राक्षस, अशी उलटापालट करून समाधान मानणारे आहेत. त्यांचा संताप समजण्याजोगा आहे, पण त्या वाटेने पुतळ्याचा चेहरा तेवढा बदलतो, आग तशीच राहते. १९५६ ची दीक्षा मोठी वाटते ती यासाठीच. शतकांच्या अपमानाचा हिशेब मागण्याचा ज्यांना पूर्ण हक्क होता, त्यांना बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिल्या त्या स्वतःच्या वागण्याच्या आणि सर्व माणसे समान मानण्याच्या. बुद्धकथेतही मार आहे, बोधिवृक्षाखाली तो फौज घेऊन चालून येतो. पण त्याच्या फौजेची नावे वासना, तृष्णा, आळस, भय, संशय अशी आहेत. तिच्यात कोणतीही जात नाही आणि कोणताही प्रांत नाही.

एवढे सगळे आठवायचे, ते आपल्या अंगणातल्या एका गोष्टीसाठी. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असे आहे: अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई पसरते असे सांगून त्याचे जगणे कठीण करणे, त्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणे, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ‘सैतान’ हा शब्द राज्याच्या कायद्यात घालावा लागला, कारण तो आपल्या गावांत जिवंत माणसांना लावला जात होता.

आणि अजून लावला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना, त्यांत वृद्ध स्त्रिया-पुरुष होते, भर चौकात बांधून मारण्यात आले. ती कुटुंबे दलित होती. १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्र दिनीच, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक स्त्री आणि एक पुरुष जादूटोण्याच्या संशयावरून मारून जाळले गेले, आणि पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली. एके ठिकाणी बोट दलित कुटुंबांकडे गेले, दुसऱ्या ठिकाणी आपल्याच माणसांकडे वळले. दोन्हीकडे ते वळले ज्याच्या बाजूने कोणी उभे राहणार नव्हते त्याच्याकडे.

हे कसे घडते, ते आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यानंतर ताप येतो. लेकरू दोन दिवस तापते, दवाखाना दूर, नाल्याला पाणी, म्हणून पुजाऱ्याकडे तांदूळ पाहायला नेतात. लेकरू दगावते. मग कोणीतरी आठवते, परवा अमकी म्हातारी दारावरून गेली होती. शब्द उंबरठ्या-उंबरठ्यावरून फिरतो आणि रात्री लोक जमतात. मलेरियाचा डास कोणाला दिसत नाही, म्हातारी दिसते. त्या घरचे दुःख खरे असते, म्हणूनच त्या दुःखाला कोणीतरी हाताशी मिळणे इतके घातक ठरते. पण गडचिरोलीजवळच्या शोधग्रामला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना उभारताना लोकांना विचारून त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले, तेव्हा आदिवासींच्या श्रद्धेला सैतानी न ठरवता तिचा हात धरून औषधापर्यंत नेता येते हे आपण पाहिले आहे.

दसऱ्याला सारे गाव एका जागी असते. वर्षात असे दिवस थोडे. पुतळा उभारायचाच असेल तर त्याला कोणत्याही माणसासारखा चेहरा देऊ नये, आणि गोंड शेजाऱ्याला विचारल्यावाचून तर तो उभारूच नये. सोने वाटण्याआधी सरपंचांनी किंवा शाळेच्या गुरुजींनी त्या कायद्याची अनुसूची मोठ्याने वाचावी. कलमे थोडी आहेत, फार वेळ लागणार नाही. ताप आला की पहिल्या दिवशी रक्ताची तपासणी, हे ठरवून घ्यावे आणि आशाताईंना त्यासाठी हक्काने सगळ्या दारांत जाऊ द्यावे. आणि ज्या रात्री गावात कोणाचे नाव कुजबुजले जाईल, त्या रात्री पोलीस पाटील, सरपंच, महिला बचत गटाच्या चार बाया आणि आपल्यापैकी ज्यांना ते ऐकू आले असे सगळे, यांनी त्या माणसाच्या ओसरीवर जाऊन उजाडेपर्यंत बसावे.