बेल नव्हे

मागून कोणी "ऑन युअर लेफ्ट!" असं ओरडलं की मी इमानेइतबारे डावीकडे सरकते आणि नेमकी त्याच्या पायात येते. जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूनं चाललेली बाई मी. 'मी तुझ्या डावीकडून पुढे जातोय, तू उजवीकडेच राहा' एवढं सगळं मला त्या तीन शब्दांतून कळावं, अशी इथल्या पळणाऱ्यांची अपेक्षा. या आठवड्यात असे चार जण माझ्यावर आदळता आदळता वाचले. चौघंही 'सॉरी' म्हणाले, त्याअर्थी चूक माझीच असणार.

हो, मी पळते. हसू नका. माझ्या गुडघ्यांवर या सदरात इतकी शाई खर्च झाली आहे की ते आता तुमच्याही ओळखीचे झालेत. पण क्युपर्टिनोला लेकीकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी तिनं बुटांचा जोड पुढ्यात ठेवला. "आई, चालतेस तेच, फक्त जरा जोरात." माझं 'जोरात' असं की ऐंशीच्या घरातले एक आजोबा मला रोज मागे टाकतात, तेही हात पाठीमागे बांधून.

जागेचं नाव रँचो सॅन अँटोनियो. पुढचा भाग सँटा क्लारा काउंटीचं उद्यान, मागे राखीव डोंगर, दोन्ही मिळून चार हजार एकरांच्या आसपास. 1972 साली इथल्या मतदारांनी डोंगर मोकळे राहावेत म्हणून मतदान करून एक स्वतंत्र यंत्रणाच उभी केली. (पुण्याच्या टेकड्यांचा विषय आज काढणार नाही, शपथ.) गाडीतळापासून मैलभरावर डियर हॉलो फार्म, तिथं शेळ्या, डुकरं, कोंबड्या. तिथून वाइल्डकॅटच्या पायवाटेनं वळसा घालून परत. प्यूमा दिसला तर काय करायचं याची पाटी आहे : पळू नका, अंग मोठं करून दाखवा, मोठ्यानं आवाज करा. तिन्ही गोष्टी मला न शिकवता येतात.

तर परवा सोमवार होता. श्रावणातला. इथला श्रावण म्हणजे उन्हाळाच; डोंगर वाळल्या गवतानं पिवळे, पावसाचा पत्ता नाही. तेवढ्यात वाटेच्या कडेला एक झुडूप दिसलं. देठाला तीन-तीन पानं, कडा लालसर. माझा हात गेलाच.

यात माझा दोष थोडा आणि पिशवीचा जास्त. सकाळी फिरायला निघताना माझ्या ओढणीखाली एक पिशवी असते, हे मी याच सदरात जास्वंदीबद्दल लिहिताना कबूल केलं होतं. कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक असते, हे माझं मत अजूनही कायम आहे. त्यावर तुमची रागाची पत्रं आली, ती मी वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेतली. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ आता पहाटे पाचला उठून स्वतःच्याच झाडाच्या कळ्या खुडून ठेवतात. देवासाठी नव्हे, मला मिळू नयेत म्हणून! न उमललेली कळी खुडणं हे पाप की उमललेलं फूल न विचारता घेणं, याचा निवाडा एकदा व्हायलाच हवा. आणि मी निदान काठीला आकडा लावून फांदी ओढत नाही. लावणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. त्या हे सदर वाचतात.

"आई! हात लावू नकोस!" लेक इतक्या जोरात ओरडली की प्यूमा असता तर पळाला असता.

ते पॉइझन ओक होतं. तीन पानं दिसली की लांब राहा, असं यमकच इथल्या पोरांना पाठ असतं. पानाच्या तेलानं एक-दोन दिवसांत कातडीवर पुरळ उठतं, फोड येतात, खाज काही आठवडे जात नाही. तेल बुटाला, कपड्याला लागलं तर तिथूनही चढतं. मी पानाला शिवलेही नव्हते, तरी तिनं बाटलीतलं सगळं पाणी माझ्या हातांवर ओतलं. मग फोनवर त्या झुडपाचं कूळ दाखवलं : आंबा, काजू आणि बिब्बा, सगळे एकाच घरचे.

"अगं, मग बिब्बा उततो तसं म्हण की!" मला एकदम हायसं वाटलं. परक्या देशात माहेरचं माणूस भेटावं तसं. आजी पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका द्यायची. धोब्याची कपड्यावरची काळी खूण बिब्ब्याचीच. कैरीचा चीक लागून ओठाच्या कडेला उठलेले फोड तर मी स्वतः भोगलेत.

लेक गोंधळली. "बिब्बा ही खरी वस्तू असते? मला वाटलं, तो नुसता घालतात. म्हणजे चांगल्या कामात."

जावई काही बोलला नाही. फक्त बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, ती सुटलेली नसताना.

संध्याकाळी इंडियन स्टोअरमध्ये बेलाची चौकशी केली. दुकानदारानं फडताळामागून बेलाच्या सरबताची बाटली काढून दिली. ती देवापुढे ठेवली आहे. झाकण उघडून वाहायची की बंदच, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.