किती गायींची बाई?

“या ताईंच्या किती गायी द्याल?”

गाईडने इंग्रजीत विचारले, आमच्या टूर मॅनेजरने हौसेने मराठीत सांगितले, आणि बसमधली सगळी मंडळी खो खो हसली. मे महिन्यातली दुपार होती. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाबाहेरचे एक ‘सांस्कृतिक गाव’ आम्ही बघत होतो. ताई म्हणजे मी. वय पस्तीस, लग्न न केलेली, बारा वर्षे कुटुंब सल्ला केंद्रात काम करणारी. तिथल्या शांगान समाजात लग्न ठरताना नवऱ्याकडून मुलीच्या माहेरी गायी द्यायची प्रथा आहे. त्याला ‘लोबोला’ म्हणतात. ही माहिती सांगून झाली की पाहुण्यांतली एक बाई उभी करायची आणि पुरुषांना बोली लावायला सांगायचे, हा तिथला रोजचा विनोद. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, “आमच्याकडे उलटं आहे हो, गायी आम्हालाच मिळतात!” पुन्हा हशा.

मैत्रिणींनो, कबूल करते, मीही हसले. हुंड्यापायी जाळलेल्या मुलींच्या आयांचे जबाब लिहून घेतलेली मी, सहलीत उगाच कशाला रसभंग, म्हणून हसले. ते हसणे अजून घशात अडकले आहे. म्हणून हे लिहिते आहे.

सहल आईची होती. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर भविष्य निर्वाह निधीतले पैसे बाजूला काढून म्हणाली, “मला एकदा मोकळा सिंह बघायचाय, पिंजऱ्यातला नको. तू सोबत चल.” आपल्याकडच्याच एका कंपनीची टूर, सोबत आचारी, जोहान्सबर्गलाही वरणभात. सिंह दिसले. पहाटेच्या थंडीत उघड्या गाडीत ब्लँकेट पांघरून बसलेल्या आईचा चेहरा मी विसरणार नाही. तेव्हा सहल वाईट आणि जाणारे पापी, असे काही मला म्हणायचे नाही. माझे भांडण कार्यक्रमपत्रिकेतल्या दुसऱ्या ओळीशी आहे. पहिली ओळ होती: ‘सकाळी वन्यप्राणी दर्शन.’ दुसरी: ‘दुपारी आदिवासी संस्कृती दर्शन, महिलांचे पारंपरिक नृत्य.’

सकाळी प्राणी, दुपारी बायका. गाडी तीच, कॅमेरे तेच. सकाळी गाईड सांगतो, हा सिंह कुठे राहतो, काय खातो, माद्या किती. दुपारी सांगतो, हा माणूस कुठे राहतो, काय खातो, बायका किती. ‘बिग फाईव्ह’, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस, हा शब्द मुळात गोऱ्या शिकाऱ्यांचा. पायी जाऊन मारायला सर्वांत अवघड असे ते पाच प्राणी. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. ‘आम्ही बघायला आलोत, तुम्ही दिसा’ हा रिवाज मात्र तसाच राहिला.

त्या गावात काय दाखवले? कुडाच्या भिंती सारवणारी बाई. मण्यांच्या माळा ओवणारी बाई. लोकरीचा झुबकेदार घागरा कमरेवर थरथरवत शिबेलानी नाचणाऱ्या आठ बायका. आणि एका झोपडीपुढे गुडघ्यांवर बसून दगडावर मका भरडणारी बाई. पुरुष दोन होते. एक ढोल वाजवत होता, दुसरा माहिती सांगत होता. काम बायकांचे आणि बोलणे पुरुषाचे, ही श्रमविभागणी बघायला एवढे विमानभाडे भरायची गरज नव्हती!

भरडणाऱ्या बाईपुढे सगळे फोटो काढत होते. आई सरळ तिच्याशेजारी जाऊन बसली, तिच्या हातातला दगड घेतला आणि पाट्यावर वाटण वाटावे तसा ओढायला लागली. त्या दोघी हसल्या. ते हसणे वेगळे होते. मग आईने मान वर करून गाईडला विचारले, “हिला दिवसाची मजुरी किती मिळते?” मी भाषांतर केले. गाईड म्हणाला, “बाहेर दुकान आहे, तिथे तुम्ही हस्तकला विकत घेऊ शकता.” आईने पुन्हा विचारले. तो घड्याळ बघू लागला.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी मिळाले. आमची खोली झाडायला येणारी बाई माझ्याच वयाची होती. नाव लिहीत नाही, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे. पूर्वी ती अशाच एका गावात नाचायची. पाहुणे आले त्या दिवसाचे पैसे, नाही आले तर घरी जा. खोल्या झाडण्याचा पगार दरमहा ठरलेला, म्हणून तिने नाच सोडला. दोन मुले कुंपणाबाहेर तिच्या आईजवळ. उद्यानात गाडीतून फिरून प्राणी तिने कधी बघितलेले नाहीत. मी दगडाची गोष्ट सांगितली तेव्हा ती जोरात हसली. “पीठ तर आम्ही दुकानातून आणतो. दगडावर मी फक्त तुमच्यासाठी दळलं!”

माझ्या सगळ्या रागाचे मूळ या एका वाक्यात आहे. जी बाई आज दुकानातून पीठ आणते, मोबाइलवर मुलाच्या शाळेचे निरोप वाचते, पगाराचा हिशेब करते, ती आपल्याला नको असते. आपल्याला हवी असते दगडावर दळणारी, शंभर वर्षे तशीच बसलेली बाई. त्या बाईचा इतिहास पुसला की जे उरते त्याला टूर कंपन्या ‘संस्कृती’ म्हणतात.

काय काय पुसले जाते ते बघा.

क्रूगरच्या मुख्य मुक्कामाचे नाव स्कुकुझा. नाव गोड वाटते, अर्थ कोणी सांगत नाही. १९०२ साली तिथल्या राखीव जंगलावर जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा गोरा वॉर्डन नेमला गेला. त्याने आतल्या वस्त्या उठवल्या. लोकांनी त्याला नाव ठेवले स्कुकुझा, म्हणजे झाडून साफ करणारा. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले तेव्हा ‘निर्मनुष्य निसर्ग’ तयार होता. तो निर्मनुष्य नव्हता, तो केलेला होता. आज त्या जंगलातल्या खोल्या झाडायला जवळपासच्या गावांतल्याच बायका येतात.

‘दाखवण्याची बाई’ ही कल्पनाही तिथे जुनी आहे. सारा बार्टमन या खोईखोई बाईला १८१० साली केपमधून लंडनला नेले आणि तिच्या शरीराची ठेवण तिकीट लावून दाखवली. १८१५ मध्ये ती पॅरिसमध्ये मेली, तर शास्त्रज्ञांनी तिचे शरीर कापून ठेवून घेतले. तिचा सांगाडा आणि शरीराचा साचा १९७० च्या दशकापर्यंत पॅरिसच्या संग्रहालयात लोकांना बघायला मांडलेला होता. १९९४ नंतर मंडेलांच्या सरकारने मागणी केली, २००२ मध्ये अवशेष परत आले आणि ९ ऑगस्टला त्यांचे दफन झाले.

९ ऑगस्टच का? कारण तो तिथला महिला दिन. १९५६ साली त्या दिवशी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जवर चालून गेल्या होत्या. काळ्या पुरुषांना सक्तीने बाळगावे लागणारे पास बायकांवरही लादले जात होते, त्याविरुद्ध. पुढे चौघी होत्या: लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स आणि भारतीय वंशाच्या रहिमा मूसा. सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानाच्या दारात ठेवून त्या अर्धा तास शब्दही न बोलता उभ्या राहिल्या. आमची बस त्याच इमारतीपुढे थांबली होती. मंडेलांच्या पुतळ्याबरोबर फोटो काढायला वीस मिनिटे मिळाली. बायकांविषयी एक अक्षर नाही. त्या मोर्चाचे स्मारक २००० साली त्याच इमारतीत उभारले आहे, आणि ते काय आहे माहीत आहे? दळायचा दगड. त्या देशाच्या बायकांनी जो दगड लढ्याची खूण म्हणून निवडला, तोच आम्हाला मागासलेपणाची गंमत म्हणून दाखवला गेला.

आणि लोबोला? त्यावर विनोद करणाऱ्याने हे सांगितले नाही की १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने रूढीने झालेल्या लग्नांसाठी कायदा केला आणि त्या लग्नांतल्या बायकोला नवऱ्याच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्याच त्सोंगा-शांगान लोकांतल्या वालोयी समाजाची गोष्ट तर ऐकाच. प्रमुख १९६८ मध्ये वारले, मुलगा नव्हता. मुलगी असून गादी भावाकडे गेली, कारण रूढी. पुढे समाजानेच ठरवले की बाईही प्रमुख होऊ शकते. वाद न्यायालयात गेला आणि २००८ मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला, की आपली रूढी बदलण्याचा हक्क त्या समाजाला आहे. तिन्यिको शिलुबाना प्रमुख झाल्या. ही नाही का शांगान संस्कृती? की ती फक्त कमरेतच असते?

कुणी म्हणेल, जंगल वाचवायचे तर माणसे हटवावीच लागतात. शेजारच्या बोत्स्वानात बघू. मध्य कलाहारी अभयारण्य १९६१ मध्ये झाले ते सान लोकांच्या वस्तीसाठीही. त्यांनाच १९९७ आणि २००२ मध्ये बाहेर काढले आणि पाण्याची बोअरवेल बंद केली. १३ डिसेंबर २००६ ला उच्च न्यायालयाने सांगितले की हे हटवणे बेकायदा होते. (त्याच महिन्यात आपल्या संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला, हे मेळघाटात काम करणाऱ्या मैत्रिणींना आठवत असेल.) तरी पाणी मिळाले नाही. परतलेल्या बायका रानकलिंगडे आणि कंदांवर तहान भागवत होत्या, आणि त्याच अभयारण्यात पर्यटकांसाठी पोहण्याचा तलाव असलेले निवास उघडले. स्वतःची बोअरवेल वापरण्याच्या हक्कासाठी सान लोकांना २०११ पर्यंत अपिलात लढावे लागले. हंडा डोक्यावर घेतलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही.

उलट उदाहरणही आहे. क्रूगरच्या उत्तर टोकाच्या पाफुरी भागातून १९६९ मध्ये मकुलेके समाजाच्या सुमारे तीन हजार लोकांना हाकलले. स्वतःची घरे स्वतःच्या हातांनी जाळायला लावून. वर्णभेद संपल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये चोवीस हजार हेक्टरच्या आसपास जमीन परत मिळवली. त्यांनी तिथे नांगर घातला नाही. जंगल जंगलच ठेवले आणि पर्यटन कंपन्यांना स्वतःच्या अटींवर भाड्याने दिले. जमिनीचा मालक पाहुण्यापुढे नाचला तरी तो यजमान म्हणून नाचतो. रोजंदारीवरची बाई पाहुण्यापुढे नाचते तेव्हा ती मालाचा भाग असते. फरक नाचात नाही, मालकीत आहे.

मग आपण जाऊच नये का? आमच्या बैठकीत एकीने विचारले, “तुम्ही बहिष्कार घातलात तर त्या बाईची चूल कशी पेटणार?” प्रश्न बरोबर आहे. मार्च २०२० मध्ये करोनाने पाहुणे थांबले तेव्हा पहिला फटका रोजंदारीवरच्या अशाच बायांना बसला. बहिष्कार मला नकोच आहे. पण ‘रोजगार मिळतो ना?’ हे उत्तर आपण बारबालांच्या प्रश्नात, विडी कामगारांच्या प्रश्नात पुरेसे मानले नाही, तर तिथे का मानावे? त्या देशात २०१९ पासून किमान वेतनाचा कायदा लागू आहे, सुरुवातीचा दर ताशी वीस रँड. ‘पाहुणे आले तर पैसे’ हा हिशेब त्यात कसा बसतो, ते विचारण्याचा अधिकार पैसे भरणाऱ्याला आहे. आपल्या लेकीसुना, निवृत्त बहिणी, महिला मंडळे आता अशा सहलींना जातात. त्यांनी पैसे भरण्याआधी विचारावे: त्या गावाची जमीन कोणाची आहे? नाचणाऱ्यांना पाहुणे न आलेल्या दिवसाचे पैसे मिळतात का? माहिती सांगणारी बाई का नाही? आणि लोबोलाची बोली कार्यक्रमात असेल, तर ती काढून त्या वेळात १९५६ ची गोष्ट सांगाल का?

तिथे बाईला बोलू दिले तर काय होते तेही दिसते. क्रूगरला लागून असलेल्या बालुले अभयारण्यात २०१३ पासून ‘ब्लॅक मांबा’ नावाचे बहुतांशी बायकांचे गस्तीपथक चोरट्या शिकारीवर नजर ठेवते, बंदुकीशिवाय. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी जागा नव्हती.

परतीच्या विमानात कंपनीने अभिप्रायाचा कागद दिला. ‘सांस्कृतिक गाव कसे वाटले?’ यापुढे चार चौकोन होते: उत्कृष्ट, चांगले, बरे, असमाधानकारक. आईने चारही चौकोन सोडून समासात लिहिले, ‘त्या बाईला मजुरी किती, हे दोनदा विचारले. उत्तर मिळाले नाही.’ खाली पूर्ण नाव, पत्ता. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “तूही लिही. हसली होतीस ना?”

मी लिहिले आहे. उत्तर आले की पुढच्या अंकात कळवीन. नाही आले तर तेही कळवीन.